उजव्या हातातली बाई

“इनका सीधा हाथ किसी और का है क्या?”

चहाचे ग्लास घेऊन आलेली बाई दारातच थांबून हे म्हणाली. तिने ते कुणालाच उद्देशून विचारलं नव्हतं, आणि शॉट चालू असल्यामुळे कुणी उत्तरही दिलं नाही. वैशाली नगरातल्या एका शिंप्याच्या दुकानात आम्ही चौघं-पाचजण श्वास रोखून उभे होतो. कॅमेऱ्यासमोर मशीनपाशी दामूकाका ठवकर बसले होते. त्यांचा डावा हात ब्लाउजपीस आपल्याकडे ओढत होता आणि उजवा हात तो सोडत नव्हता. तो नुसता अडला नव्हता, तो रुसला होता. त्याने आधी कापड घट्ट धरलं, मग एकदम सोडून दिलं, आणि डावा हात झटक्याने मागे गेल्यावर मशीनच्या कडेवर दोन बोटांनी हळूच ताल धरला. भांडणात जिंकलेली बाई असाच ताल धरते. काकांचा चेहरा मात्र हरलेल्या पुरुषाचा होता. एकाच माणसाला मी एकाच वेळी जिंकताना आणि हरताना पाहत होते.

शॉट संपल्यावर चहावालीने ग्लास काकांच्या डाव्या हातात दिला. उजव्या हातात द्यायचा तिला धीर झाला नाही.

त्या चित्रपटाचं नाव ‘दू झन’. छत्तीसगढीत याचा अर्थ दोघंजणं. बिसाहू नावाचा चिक्कू शिंपी आणि त्याच्या शेजारची भाजीवाली फुलमत वीस वर्षं एका भिंतीवरून भांडत आलेली असतात. फुलमत मरते. पोरीचं लग्न बघायचं राहिलं म्हणून तिचा जीव वर जात नाही; जवळचं दार उघडं दिसलं म्हणून बिसाहूच्या देहात शिरतो आणि उजवी बाजू बळकावतो. शिंप्याचा कात्रीचा हातच तिचा होतो. तिला विचारल्याशिवाय त्याला कापड कापता येत नाही, आणि त्याने पाय उचलल्याशिवाय तिला पोरीच्या घरापर्यंत जाता येत नाही. पुढचे दोन तास दोघं एका देहात भांडतात, पोरीचं लग्न लावतात, आणि मग फुलमत निघून जाते.

गोष्ट एवढीच. मोबाईलवरच्या एका चॅनलसाठी केलेला हा लहानसा चित्रपट. पण आमच्या भागात तो ज्यांनी पाहिला, ते त्याचा शेवट विसरत नाहीत, हे मी ऐकून आहे. तो शेवट आज जसा दिसतो तसा दिसणार नव्हता.

चित्रपट केला पंकजभैयांनी. त्यांचा लग्नांचे व्हिडिओ करण्याचा स्टुडिओ होता आणि मी तिथे एडिटिंगला मदत करायचे. माझं अक्षर चांगलं आणि मी बोलत नाही, या दोन गुणांवर त्यांनी मला सेटवर रजिस्टर सांभाळायला घेतलं. सिनेमा सरळ ओळीने काढत नाहीत. आज शेवट, उद्या सुरुवात. म्हणून कुठल्या शॉटमध्ये कुठला शर्ट, कात्री कुठे, ग्लास किती रिकामा, हे सगळं लिहून ठेवावं लागतं. आमच्या रजिस्टरमध्ये, फुलमत कुठल्या बाजूला आहे ते टिपायला, एक रकाना जास्तीचा होता. त्याचं शीर्षक होतं, ‘आत कोण’.

काका आमच्या रुआबांध्याच्या क्वार्टरच्या मागच्याच ओळीत राहायचे. मूळ भंडाऱ्याकडचे, धान पिकवणाऱ्यांच्या घरातले. इथल्या स्टील प्लांटमध्ये त्यांनी उभं आयुष्य क्रेन चालवली. साधी नाही, वितळलेल्या पोलादाचं भांडं उचलणारी. नाटकाशी संबंध शून्य. गणपतीत त्यांना स्टेजवर बोलावलं तर ते माईक तपासून खाली उतरायचे. पंकजभैयांना ते सापडले एका व्हिडिओत.

एका सहकाऱ्याच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. भाषणं रटाळ चालली होती. कुणीतरी काकांना म्हणालं, तुम्ही काय करायचे ते या बायामाणसांना सांगा की. काकांनी सांगितलं नाही. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली, बसले, आणि समोर नसलेल्या दोन दांड्यांवर हात ठेवले. डाव्या हाताने अख्खी क्रेन शेडच्या लांबीने पुढे नेली. ती पुढे जात असतानाच उजव्याने हुक खाली सोडला, भांड्याच्या कानात अडकवला, जरासा ताण दिला, थांबले, खाली पाहिलं, मग उचललं. दोन्ही हात दोन वेगळी कामं करत होते आणि डोळे तिसरीकडे, खाली उभ्या, पण तिथे नसलेल्या माणसाकडे. ते भांडं त्यांनी हॉलवरून नेलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या चार बायकांनी डोकी मागे घेतली. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. पंकजभैयांनी तो तुकडा आठ-दहा वेळा पाहिला आणि म्हणाले, “मिल गया. दो हाथ, दो आदमी.”

काका लगेच तयार झाले नाहीत. गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मी त्यांच्या ओट्यावर रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते.

“शेवटी काय होते?” त्यांनी विचारलं.

“फुलमत चली जाती है,” पंकजभैया म्हणाले.

“कैसे जाती है?”

“अरे काका, वो देख लेंगे. धमाकेदार करेंगे. आप गिरोगे, चिल्लाओगे, पंखा जोर से घूमेगा…”

“नहीं.” काकांचं हिंदी पक्कं प्लांटचं होतं. “पूरी पिक्चर तुम्हारी. जैसा बोलोगे वैसा नाचूँगा. आखरी सीन मेरे हिसाब से होगा. जुबान दो.”

पंकजभैयांनी हसत हात पुढे केला. “दी काका.”

काकांनी तो हात नीट धरून हलवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “लिव.”

मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं. शेवटचा सीन काकांच्या पद्धतीने.

फुलमतचं काम रामबती बाई करणार होत्या. रसमड्याच्या एका कारखान्यात साफसफाईचं काम करणाऱ्या, आणि त्याआधी गावोगावच्या नाचात, म्हणजे छत्तीसगढी लोकनाट्यात, वीस वर्षं उभ्या राहिलेल्या. चित्रपटात त्या पहिली वीस मिनिटं दिसतात, मग मरतात, आणि पुढे त्यांचा फक्त आवाज आणि काकांचा उजवा हात उरतो. त्यामुळे त्यांनी काकांना पहिल्याच दिवशी समोर बसवलं आणि म्हणाल्या, हात दाखव. काकांनी दाखवला. त्यांनी तो पालथा-उलथा करून पाहिला, लग्नासाठी स्थळ पाहतात तसा.

“कका, तोर हाथ अभी घलो मरद हे,” त्यांनी निकाल दिला. हात अजून पुरुषच आहे.

“तं बाई कसा करू?”

इथे पंकजभैया मध्ये पडले. त्यांनी कमरेवर हात ठेवून, मान वेळावून, नसलेला पदर उडवत चालून दाखवलं. सेटवर सगळे हसले. काका हसले नाहीत. ते रामबती बाईंकडे बघत होते आणि रामबती बाई पंकजभैयांकडे, दुकानात खोटं नाणं आल्यासारख्या.

“मी साठ वर्साच्या आयुष्यात अशी चालणारी बाई पाह्यली नाही,” काका नंतर मला म्हणाले. “तू पाह्यली?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“मंग हा कोणती बाई दाखवून राहिला?”

त्यानंतर आठवडाभर काका बायकांचे उजवे हात पाहत फिरले. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ते लपून पाहत नसत. भाजीबाजारात उभे राहून सरळ सांगत, “तुम्ही मोजा बाई, मी फक्त हात पाहून राहिलो.” माझ्या आईने त्यांना कुकरचं झाकण लावताना तीनदा झाकण परत उघडून दाखवलं. मला त्यांनी ओढणी सावरायला लावली नाही. मी रजिस्टरमध्ये लिहिताना चुकलं की डाव्या हाताने झाकून उजव्याने खोडते, हे मात्र त्यांच्या लक्षात होतं. रसमड्याला जाऊन त्यांनी रामबती बाईंना भाजी निवडताना पाहिलं आणि त्यांना हवं होतं ते तिथे मिळालं. बाई मेथी निवडताना उजवा हात काम करतो, पण काम संपल्यावर रिकामा बसत नाही. तो जमिनीवरची काडी उचलतो, गुडघ्यावर थापटतो, कुणाच्या तरी पाठीवरचा धागा काढतो. पुरुषाचा हात काम संपलं की पडून राहतो.

“एवढाच फरक हाय,” काका म्हणाले. “कंबर-बिंबर काही नाही. तिचा हात ड्युटीवरून सुटत नाही.”

म्हणून चित्रपटात बिसाहू झोपतो, डावा हात पसरून घोरतो, आणि त्याचा उजवा हात त्याच्याच शर्टाची सुटलेली बटणं लावत बसतो. हा सीन स्क्रिप्टमध्ये नव्हता. काकांनी करून दाखवला, पंकजभैया कॅमेऱ्यामागे तोंडावर रुमाल धरून हसले आणि ठेवला. काकांचे सीन असेच होते. ते हसवत, पण स्वतः कधीही विनोद करत नसत. भांडणाच्या मोठ्या सीनमध्ये उजवा हात बिसाहूच्या थोबाडीत मारतो, तेव्हा त्यांनी मार खाणारा चेहरा आणि मारणारा हात यांत एवढंसं अंतर ठेवलं होतं, की थोबाडीत बसल्यावर बिसाहूच्या आधी त्याचा डावा हात चकित व्हायचा. रामबती बाई कॅमेऱ्याच्या मागे उभ्या राहून त्याच वेळी स्वतःचा उजवा हात हलवत असत. शॉट संपला की त्या विचारायच्या, “हाथ खाइस का?” हात जेवला का? मग काका डबा उघडून उजव्या हाताने पहिला घास रामबती बाईंच्या डब्यातला घ्यायचे.

काकांच्या बोलण्यात क्रेन सतत असायची. अर्धा चहा टाकून उठणाऱ्याला ते म्हणत, “लोड लटकता ठेवून जाऊ नोको.” भांडण अर्धवट सोडणाऱ्याला तेच, वाक्य अर्धवट सोडणाऱ्याला तेच. हे शेवटचं मला. मी इंग्रजी शाळेत शिकले. घराबाहेर मी एकतर इंग्रजीत बोलायचे नाहीतर वाक्य सुरू करून पुढच्याने ते पूर्ण करायची वाट पाहायचे. काका पूर्ण करत नसत. समोर बसून राहत. त्या शांततेत मी घामाघूम व्हायचे.

माझी चूक झाली ती चौथ्या दिवशी.

चित्रपटाच्या मध्यावर फुलमत कंटाळते. कात्री चालवून-चालवून माझा हात दुखला, आता मला डावी बाजू दे, असा हट्ट धरते आणि चार-पाच सीन ती डावीकडे राहते. त्यामुळे काका रोज सकाळी पाय धुऊन आत आले की पहिलं मला विचारायचे, “आज ती कुठं हाय?” मी रकाना पाहून सांगायचे. तेवढ्यावर ते दिवसभर चालत.

त्या दिवशी मी सांगितलं, डावीकडे. आदल्या दिवशी मी तो रकाना मॉनिटरकडे बघून भरला होता. पडद्यावर माणूस आपल्याकडे तोंड करून असतो. त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. मी जे दिसलं ते लिहिलं. आणि काकांनी सकाळी आठपासून डाव्या हाताने फुलमत केली. सुंदर केली. अकराच्या सुमारास मी मोबाईलमधला कालचा फोटो काढून पाहिला आणि त्यात फुलमत उजव्या हातातच होती. सांगायला गेले की दरवेळी वाटायचं, हा शॉट होऊ दे. मग पुढचा होऊ दे.

जेवणाच्या सुट्टीत रामबती बाई आल्या. मॉनिटरवर सकाळचं काम पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, “मैं ए बाजू कब आ गेंव?” म्हणजे, मी या बाजूला कधी आले?

सगळं थांबलं. पंकजभैया म्हणाले, काही नाही, चित्र उलटं करून घेऊ, डावं उजवं होईल. मग त्यांना बिसाहूच्या मागची पाटी दिसली. लेडीज़-जेंट्स टेलर. चित्र उलटं केलं तर अक्षरंही उलटी. अर्धा दिवस गेला. पंकजभैया मला रागावले नाहीत, फक्त डोकं धरून बाहेर निघून गेले, आणि ते जास्त वाईट होतं.

काका माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसले.

“तुले कवा समजलं?”

“आत्ताच.”

“खोटं बोलू नोको. अकरा वाजतापासून तू पेनाचं टोपण चावून राहिली.”

मी टोपण पेनाला लावलं.

“पाह्य. क्रेनवर मी एकाच माणसाचं ऐको. खाली सिग्नल देणारा असते, त्यानं म्हटलं चल, तं चल. बाकी दहा जणायनं हात हालवले तरी तिकडं पाहाचं नाही. पण थांब म्हणाचा हक्क साऱ्यायले. झाडू मारणाऱ्या बाईनं हात वर केला तरी थांबाचं. आधी थांबाचं, मंग विचाराचं कावून. कावून की खाली माणसं असतात अन् वर पोलाद असते.” ते उठले. “आता चल. भूक लागली.”

त्यांनी पंकजभैयांना माझ्या वतीने काहीही सांगितलं नाही. माझी चूक त्यांनी स्वतःवर घेतली नाही, माफही केली नाही. दुपारी तेच सगळे शॉट उजव्या हाताने पुन्हा दिले, सकाळच्याच ताकदीने. संध्याकाळी रामबती बाईंनी आपल्या पिशवीतून लाल नेलपॉलिश काढलं आणि काकांच्या उजव्या करंगळीच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावला, कॅमेऱ्यात न दिसेल असा. “ए मोर घर हे,” म्हणाल्या. हे माझं घर. काका तो ठिपका घेऊन दूध आणायला गेले, बँकेत गेले, शेजारच्या बारशाला जाऊन आले. कुणी विचारलं तर म्हणत, “भाडेकरू ठेवली हाय.”

शेवटच्या सीनच्या आदल्या दिवशी मी वेळापत्रक द्यायला त्यांच्या क्वार्टरवर गेले. ते खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर हात ठेवून उभे होते. त्या खुर्चीचा उजवा हात कापसाच्या गादीने गुंडाळलेला होता.

“ही काकूची,” ते म्हणाले. मला काकू अंधुक आठवत होत्या. अंगणात खुर्ची टाकून बसणाऱ्या. “तिची उजवी बाजू गेल्ती. चार वर्सं. तुले माहीत हाय का, ती त्या हाताले काय म्हणे? सवत.”

मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

“हास. ती बी हासे. मी ड्युटीवरून आलो की पह्यले तेल घेऊन तिचा तो हात चोळत बसो. डॉक्टरनं सांगतलं होतं. तं ती म्हणे, आले का, आधी सवतीले भेटा, मंग माझ्यासंग बोला. त्या हातासंग भांडे. म्हणे, दिवसभर पडून राह्यते मेली, अन् लाड हिचेच.” ते खुर्चीच्या गादीवरून हात फिरवत होते. “अन् झोपाच्या आधी डाव्या हातानं तो उचले, अन् नीट पोटावर ठेवे. बोटं सरळ करे. एक-एक. कोणाचं तरी लेकरू झोपवाले देल्लं हाय असं.”

मी वेळापत्रक हातात धरून उभी होते.

“पंकज म्हणते पड, ओरड. हात सोडून कोणी गेलं की ओरडत नाही कोणी. मले मालूम हाय ते कसं असते. म्हणून जुबान घेतली त्याची.” मग एकदम व्यवहारी आवाजात, “किती वाजता याचं?”

“सहा. सकाळी.”

“पूर्ण वाक्य बोलली. शाब्बास.”

तो सीन दुकानाबाहेरच्या बाकावर होता. पोरीची पाठवणी झाली आहे, मांडव रिकामा आहे, बिसाहू बाकावर बसून फुलमतशी बडबडतो आहे. सासरचे लोक बरे दिसले. नवरा जरा बुटका आहे. जेवणात मीठ कमी होतं, तुझ्यासारखंच. आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं की उत्तर येत नाही.

पहिल्या टेकमध्ये मोटारसायकल गेली. दुसरा काकांनीच मध्येच थांबवला. “अजून गेली नाही ती,” म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तिसऱ्या टेकमध्ये उजवा हात गुडघ्यावर थापटत होता, नेहमीसारखा. मिठाच्या वाक्यावर तो थांबला. मी रजिस्टर घेऊन चार हातांवर उभी होते आणि तरी मला तो कधी थांबला ते दिसलं नाही. दिसलं तेव्हा थांबून झालं होतं. बिसाहू आणखी दोन वाक्यं बोलला. मग त्याने खाली पाहिलं. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरून तो उचलला, मांडीवर ठेवला. बोटं मिटलेली होती, ती सरळ केली. एक-एक. खांद्यावरचा गमछा काढून त्यावर पांघरला. आणि समोर बघत बसून राहिला.

पंकजभैयांनी बऱ्याच वेळाने कट म्हटलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रामबती बाईंनी आपला उजवा हात पदराखाली घेतला आणि हळू म्हणाल्या, “मैं चल देंव.” म्हणजे, मी निघाले.

मी रजिस्टरमध्ये तिसऱ्यासमोर ओके लिहिलं.

मग पंकजभैया पुढे झाले. “काका, जबरदस्त. अब एक मेरे लिए. सेफ्टी के लिए, बस.” चौथा जमला नाही. पाचव्यात काका बाकावरून खाली पडले, छाती धरली, आभाळाकडे पाहून “फुलमऽऽत!” अशी आरोळी ठोकली की समोरच्या घराच्या गच्चीवर माणसं आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी धोतराची धूळ झटकली.

“कशाला केलं तुम्ही?” मी विचारलं.

“त्यानं मागतलं, मी देल्लं. मागतलेलं काम निम्मं कराचं नाही. पण लागन तिसराच. जुबान हाय त्याची.”

त्यांचा विश्वास एवढा सरळ होता की मी रजिस्टर मिटलं.

दोन आठवड्यांनी डबिंग झालं, पंकजभैयांच्या स्टुडिओवरच्या खोलीत. मध्ये काच, पलीकडे माईक. पलीकडच्या माणसाला आपलं बोलणं ऐकू जात नाही. जायला हवं असेल तर टेबलावरचं बटण दाबून धरावं लागतं. त्यानंतर चार दिवसांनी, मी घरी नसताना, काका क्वार्टर रिकामं करून मुलीकडे गोंदियाला गेले आणि महिन्याभरात मी नोकरीसाठी हैदराबादला. पुढच्या उन्हाळ्यात आईने फोनवर सांगितलं, दामूकाका गेले, झोपेत, त्रास नाही झाला. म्हणजे काचेपलीकडचे काका हेच माझं त्यांना शेवटचं पाहणं.

निळा बुशशर्ट. कानांवर हेडफोन, त्यांच्या मोठ्या कानांना ते पुरत नव्हते. दुपारपर्यंत त्यांनी अख्खा बिसाहू बोलून काढला, एकदाही न चुकता. शेवटी पंकजभैयांनी बटण दाबून म्हटलं, “काका, अब वो चीख. फुलमत वाली.”

“वो काय को?” काकांचा आवाज स्पीकरमधून आला.

“ऐसे ही. रख लेते हैं. सेफ्टी.” बटण सुटलं. मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “पाँचवाँ लगा रहा हूँ. लोग हँसने आते हैं, ये गमछा-वमछा देखके फॉरवर्ड कर देंगे. रजिस्टर में तीसरे के आगे का ओके काट दे, पाँचवें पे लिख. काका को मत बोलना. रिलीज़ तक भूल जाएँगे.”

ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा हा पहिला चित्रपट होता आणि ते घाबरले होते. रजिस्टर माझ्यासमोर उघडं होतं आणि पेन माझ्या हातात होतं.

काचेपलीकडे पडद्यावर चित्र सुरू झालं. काकांनी आरोळीसाठी श्वास घेतला आणि सोडून दिला. पडद्यावर बाकावरून पडणारा स्वतःला पाहिला, मान पुढे केली, आणि काचेतून पंकजभैयांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

“पोरी,” ते म्हणाले, “हा कितवा टेक हाय?”

“बोल दे तीसरा है,” पंकजभैया पुटपुटले.

काका वाट पाहत उभे होते. चेहऱ्यावर शंका नव्हती, राग नव्हता. नेमकं काय आहे ते कळलं की काम सुरू करायचं, एवढंच. मी टेबलावर वाकून बटण दाबलं. माझा आवाज त्यांच्या हेडफोनमध्ये गेला तसा या खोलीतल्या स्पीकरमधूनही आला, मोठा, घरी आईशी बोलते तसा.

“काका, हा पाचवा हाय. यायनं तुमचा तिसरा काढून टाकला. मी तिसऱ्यासमोर ओके लिवलं हाय, अन् ते मी खोडत नाही.”